साडेतीन लाखांचा कोर्स करू, की पप्पांच्या स्टुडिओत थांबू?

ताई, मी इचलकरंजीची. वय 23, बी.कॉम. झालंय. पप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, लग्नं. दहावीपासून मी त्यांच्याबरोबर लग्नांना जाते. पण मला लग्नं करायची नाहीत, मला फॅशन आणि ब्युटी फोटोग्राफी करायची आहे. मुंबईतल्या एका खासगी संस्थेचा वर्षाचा डिप्लोमा आहे, फी साडेतीन लाख. पप्पा म्हणतात, एवढ्या पैशांत चांगला कॅमेरा आणि दोन लेन्स येतात, सीझन कर. आई म्हणते, मुंबईत एकटी कशी राहशील? माझ्याकडे कॅनन 1500डी आणि 50 एमएमची लेन्स आहे. एका कपड्यांच्या ब्रँडनं मेसेज केलाय, ‘फोटो काढून द्या, पैसे नाहीत पण नाव देऊ.’ आणि आता एआयच्या मॉडेल आल्या म्हणतात. मग या क्षेत्रात काही उरणार आहे का? मी काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

प्रिय मैत्रिणी,

आधी साडेतीन लाखांचं बोलू. बाकीचे प्रश्न थांबतील, फी भरायची तारीख थांबत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यंदा ते पैसे भरू नकोस. कोर्स वाईट असतात म्हणून नव्हे. त्या वर्षभरात तुला जे शिकवतील त्यातलं बरंचसं पप्पांच्या स्टुडिओत आजच हाताशी आहे. आणि जे तिथं नाही, ते कुणाच्या तरी हाताखाली सेटवर उभं राहिल्याशिवाय कुठल्याच वर्गात मिळत नाही.

शिकायच्या चांगल्या जागा आपल्याकडे आहेत. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी शिकवली जाते, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगरच्या आवारात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, उटीला ‘लाइट अँड लाइफ अकॅडमी’ 2001 पासून चालते. यांपैकी कुठे जायचं मनात असेल, तर तयारी कर, मी मुळीच अडवणार नाही. पण तू ज्या डिप्लोम्याचं लिहिलंस, तिथं पैसे भरण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. वर्गात मुलं किती आणि स्टुडिओ किती, म्हणजे एकेकीच्या वाट्याला आठवड्याला लाइट लावून बघायला किती तास येतात, ते विचार. शिकवणाऱ्यांनी गेल्या सहा महिन्यांत कुणासाठी काम केलं, ते विचार. आणि तीन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या चौघांशी बोलायचंय असं सांग. गाळून घेतलेल्या ‘यशोगाथा’ नकोत, आज काय करताहेत ते स्वतः सांगू शकतील अशी साधी चार मुलं हवीत. ती भेटवायला संस्था कां कूं करत असेल, तर तुला उत्तर मिळालंच.

आपल्याकडच्या फोटोग्राफीतल्या दोन मोठ्या नावांकडे बघ. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकलेले. लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी करता करता ते कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे हिंदी-मराठी सिनेमातला क्वचितच एखादा चेहरा त्यांच्या लेन्ससमोर आला नसेल. प्रबुद्ध दासगुप्ता इतिहासाचे पदवीधर, तेही आधी जाहिरातींचे शब्द लिहायचे, फोटोग्राफी स्वतःची स्वतः शिकले. म्हणजे शिकायची गरज नाही असा अर्थ काढू नकोस. जाहिरातीच्या जगात वावरल्यामुळे चित्र कशासाठी हवंय, ते कोण बघणार आहे, त्यावर किती जणांची मतं येणार आहेत, हे दोघांनाही कॅमेरा हातात घेण्याआधी ठाऊक असावं, असं मला वाटतं. डिप्लोम्याच्या वर्गात नेमकी हीच बाजू कच्ची राहते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पत्रात तू ‘फॅशन आणि ब्युटी’ एका दमात लिहिलंस. लोकही तसंच म्हणतात, पण कामं दोन आहेत. फॅशनमध्ये विकायचा असतो कपडा. त्याचा झोल, त्याची शिवण, तो घालून चालणारी बाई, तिच्यामागची जागा. ब्युटीमध्ये विकायची असते लिपस्टिक, फाउंडेशन, केसांचं तेल. तिथं कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि विषय असतो त्वचा. तू ब्युटीपासून सुरुवात कर. फॅशन दोन वर्षांनी आलं तरी चालेल.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. डोक्यापासून पायापर्यंत मॉडेल उभी करायची तर मागे 2.72 मीटर रुंदीचा पेपर रोल लागतो, मॉडेल आणि पेपर यांच्यात अंतर लागतं, मग तुझ्यात आणि तिच्यात अंतर लागतं, वर उंच छत लागतं. आपल्या गावाकडच्या स्टुडिओत एवढी जागा नसते. शिवाय कपडे आणायचे कुठून, स्टायलिस्ट कुठून, इस्त्रीला माणूस कुठून? चेहऱ्याला यातलं काही लागत नाही. एक खुर्ची, एक लाइट, एक थर्माकोलची शीट, मेकअप करणारी एक मुलगी आणि समोर बसायला तयार असलेली दुसरी. तुझ्या 1500डीवर 50 एमएमची लेन्स साधारण 80 एमएमसारखी दिसते, म्हणजे पोर्ट्रेटसाठी हवी तेवढीच. ओठ किंवा डोळा भरून घ्यायचा तर 100 एमएमची मॅक्रो लागेल. ती विकत घेऊ नकोस, कोल्हापुरात भाड्यानं मिळते का बघ, नाहीतर पुण्याहून दोन दिवसांसाठी आण.

पहिल्या दिवशी काय करायचं तेही सांगते. स्टुडिओतली ट्यूबलाइट बंद कर, तिचा हिरवट रंग कातडीवर चढतो. भिंतींना गुलाबी किंवा निळा रंग असेल तर दोन्ही बाजूंना काळं कापड टांग, नाहीतर गालावर भिंतीचा रंग येईल आणि तू मेकअपला दोष देत बसशील. पप्पांकडे फ्लॅशच्या दोन छत्र्या नक्की असतील. आपल्याकडे त्या दोन बाजूंना लावतात, म्हणजे चेहरा सपाट उजळतो आणि नाक गालात विरघळून जातं. त्यातली एक बंद कर. दुसरी चेहऱ्याच्या अगदी समोर, पण डोक्याच्या वर ने, आणि खाली झुकव. तुझा कॅमेरा छत्रीच्या खालून बघेल. आयएसओ 100, शटर 1/125, अ‍ॅपर्चर एफ/8. आता नाकाखालची सावली बघ. ती सरळ खाली पडली पाहिजे आणि वरच्या ओठाला शिवायच्या आत थांबली पाहिजे. शिवत असेल तर लाइट जरा खाली घे. डोळ्याखाली खड्डे दिसत असतील तर हनुवटीखाली, छातीच्या उंचीवर, थर्माकोल आडवा धर, हळूहळू वर आण आणि कुठल्या उंचीला खड्डा भरतो ते बघ. बुबुळात वर एक मोठा ठिपका आणि खाली एक मंद ठिपका दिसायला लागेल. मासिकातलं किंवा होर्डिंगवरचं कुठलंही ब्युटी चित्र मोठं करून त्या ठिपक्यांकडे बघत जा. लाइट कुठं होता, केवढा होता, खाली काय धरलं होतं, सगळं तिथं कळतं. त्याची फी कुणी मागत नाही.

हे एकाच चेहऱ्यावर करू नकोस. आईवर कर, आजीवर कर, शेजारच्या काकूंवर कर. सावळ्या, गव्हाळ, काळ्या, मुरुमांच्या, सुरकुत्यांच्या, तेलकट, कोरड्या. सावळ्या त्वचेला आकार देते ती तिच्यावरची चमक, गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची, खांद्यावरची. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, वाढवलंस की ती चमक पांढरी पडते आणि बाकी चेहरा राखेसारखा होतो. एक्स्पोजर जागेवर ठेव, लाइट मोठा कर आणि जवळ आण. छत्रीपुढं बटर पेपर लावलास तरी फरक दिसेल.

इथं एक सवय मोडावी लागेल, आणि ती स्टुडिओत जन्मलेल्या प्रत्येकाला मोडावी लागते. पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक पैसे काढता काढता म्हणतं, ‘जरा उजळ करून द्या हं.’ मग फोटोशॉपमध्ये हात आपोआप जातो आणि माणूस दोन छटा गोरा होऊन बाहेर पडतो. लग्नाच्या अल्बममध्ये तर नवरी स्वतःच्याच हातांपेक्षा गोरी दिसते. हे आपण एकट्यांनी सुरू केलेलं नाही. रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅककडून लॅबना जी कार्डं यायची, ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे त्यांना, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असायचा. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, असा हिशेब. बाकीच्या जगाचे चेहरे त्या हिशेबात बसवले गेले.

माझी तुला कळकळीची विनंती आहे की हे करू नकोस. कारण पहिलं तर ते बरोबर नाही, आणि जिचा रंग तू धुऊन काढतेस तिला ते दिसतं. दुसरं कारण धंद्याचं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘अ‍ॅस्की’नं 2014 साली त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी नियम केले, त्यानुसार सावळ्या रंगामुळे माणूस मागे पडतो, दुःखी असतो, असं जाहिरातीत दाखवता येत नाही. 2020 साली ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ काढला. आज फाउंडेशनचा ब्रँड बाजारात उतरतो तो अनेक छटा घेऊन, आणि त्याला असा फोटोग्राफर लागतो जो गव्हाळ आणि सावळ्या यांच्यातल्या चार छटा चार वेगवेगळ्या दाखवू शकेल. तू रोज त्याच चेहऱ्यांत वावरतेस. पांढऱ्या भिंतींच्या स्टुडिओत, गोऱ्या मॉडेलांवर शिकलेल्याला ही नजर उशिरा येते.

रिटचिंगचा, म्हणजे काढलेला फोटो नंतर दुरुस्त करण्याचा, एक साधा नियम लक्षात ठेव. दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढायचं, म्हणजे पुरळ, ओरखडा, मेकअपचा कण. जन्मभर राहणार आहे ते ठेवायचं, म्हणजे तीळ, व्रण, खळी. आणि चित्र 100 टक्क्यांवर मोठं केल्यावर त्वचेची छिद्रं दिसलीच पाहिजेत. ब्युटीच्या कामात निवड करणारे लोक आधी तेच करतात, मोठं करून बघतात. छिद्रं गेली की तुझं नाव यादीतून गेलं.

गावातल्या स्टुडिओत बसून फॅशनवाल्यांना दाखवण्यासारखं काही होईल का, अशी शंका पत्रातल्या ओळींमागे मला दिसली. 1948 साली अर्विंग पेन नावाचा अमेरिकन फोटोग्राफर ‘व्होग’साठी फॅशनचं काम करायला पेरू देशात गेला. काम संपलं, बाकीचे परतले, हा मात्र कुझको या डोंगरातल्या गावात थांबला. तिथल्या एका स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं नाताळच्या दिवसांत भाड्यानं घेतला. एका बाजूनं येणारा दिवसाचा प्रकाश, दगडी फरशी, मागे रंगवलेला पडदा. सणाचे फोटो काढून घ्यायला गावातली माणसं आली, तेव्हा त्यांच्याकडून पैसे घेण्याऐवजी पेननं त्यांनाच दिले. त्यातली चित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. पुढे 1968 पासून हाच माणूस क्लिनिक या प्रसाधनांच्या कंपनीच्या जाहिराती करत होता. डब्या, बाटल्या, साबण, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकेक वस्तू स्वच्छ. नेटवर त्याची कुझकोची चित्रं शोध आणि पप्पांना दाखव. तो पडदा आणि ती खुर्ची ते लगेच ओळखतील.

तुझ्या आसपास माल भरपूर आहे. हुपरी तुमच्यापासून किती लांब? तिथले चांदीचे कारागीर पैंजण घडवतात, ते देशभर जातात. कानातलं, गळ्यातलं आणि त्याखालची त्वचा हा ब्युटीचाच भाग आहे. एखाद्या कारागिराला भेट, दोन दिवसांसाठी चार दागिने माग, फोटो त्यालाही दे. गावातल्या ब्युटी पार्लरवाल्या ताईंना इन्स्टाग्रामसाठी रोज फोटो लागतात आणि त्या ते मोबाइलवर, ट्यूबखाली काढतात. त्यांच्यापैकी जिचा हात सगळ्यात हलका आहे तिला गाठ. नवरीचा जाड मेकअप करणारी नको, त्वचा त्वचेसारखी ठेवणारी हवी. दोघी मिळून दर पंधरवड्याला एक चेहरा करा. आणि यंत्रमागांच्या गावची आहेस, सूत, वीण, पॉपलीनचा कडकपणा तुला बोटांनी कळत असणार. बाजूनं लाइट टाकला की कापडाची वीण उठून दिसते, समोरून टाकला की मरते. हे ज्ञान पुढे फॅशनमध्ये कामी येईल, आताच वहीत नोंदवत जा.

वर्षभरानंतर तुझ्याकडे बारा चित्रं हवीत. तेराव्याचा मोह नको. तेवढी झाली की मुंबई.

मुंबईत फोटोग्राफर म्हणून जायचं नाही, साहाय्यक म्हणून जायचं. या कामाचा खरा रस्ता तोच आहे आणि जगभर तोच आहे. मोठ्या फोटोग्राफरकडे पहिला साहाय्यक, दुसरा साहाय्यक, कॉम्प्युटरवर फाइली सांभाळणारा, असे हुद्दे असतात. तू शेवटच्या जागेवर लागशील. केबल गुंडाळशील, स्टँडवर वाळूच्या पिशव्या ठेवशील, मेमरी कार्ड दोन ड्राइव्हवर उतरवून मगच रिकामं करशील, ‘टॉप लाइट पाव स्टॉप खाली’ म्हटलं की न विचारता वरच्या लाइटचा उजेड तेवढा कमी करशील. दुपारी जेवणाच्या वेळी सामान मोजशील. यात फोटो काढणं कुठंच नाही. पण मॉडेल रुसली तर काय करतात, क्लायंटला चित्र आवडलं नाही तर फोटोग्राफर कुठल्या सुरात बोलतो, हेअर आणि मेकअपला उशीर झाला तर कुठला शॉट आधी घेतात, हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडेल. लग्नात तू हे अर्धं शिकलीच आहेस. मुहूर्त टळतोय, भटजी घाई करतायत, मामा कुठं दिसत नाहीत आणि तरी सप्तपदीचा फोटो आलाच पाहिजे, हे ज्यानं केलंय तो सेटवर बावरत नाही. म्हणून लग्नांना कमी लेखू नकोस.

काम मागताना इन्स्टाग्रामवर ‘हाय सर’ पाठवू नकोस. चार ओळींचा मेल लिही. मी कोण, मला काय येतं (लाइट लावणं, फोटोशॉप, बॅकअप, गाडी चालवता येत असेल तर तेही), मुंबईत कुठल्या तारखेपासून आहे, आणि त्या बारा चित्रांची एक लिंक. फोटोग्राफरइतकाच त्याच्या पहिल्या साहाय्यकाला मेल कर. आयत्या वेळी माणूस हवा असतो तो त्याला. दिवसाचा दर कामाआधी विचारायचा, त्यात लाज नाही.

तोवर घरभाडं भागवायला ऑनलाइन विक्रीचं कॅटलॉग काम असतं. मुंबई, भिवंडी, बेंगळुरूला अशा कामाचे स्टुडिओ आहेत. एका दिवसात ढिगानं कपडे, प्रत्येकाचे समोरून, मागून, बाजूनं, जवळून. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूनं चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण मागून टाचण्या आणि क्लिपा लावून कुडता अंगावर कसा बसवतात, स्टीमर कुठं फिरवायचा, हे तिथंच हाताला बसतं. वर्षभर कर, त्याहून जास्त नको, कारण त्या पगाराची सवय लागते.

आईचा प्रश्न मला रास्त वाटतो, तिला टाळू नकोस. राहायला तिघी-चौघींबरोबर जागा, शक्यतो लोकल स्टेशनजवळ. ‘टेस्ट शूट’साठी हॉटेलच्या खोलीवर किंवा कुणाच्या घरी एकटीनं जायचं नाही, मग समोरचं नाव केवढंही मोठं असो. खऱ्या कामाची कॉल शीट येते, त्यावर जागा, वेळ, सगळ्यांची नावं आणि नंबर असतात. ती आईला रोज पाठव. 2018 साली फॅशन जगातल्या छळाच्या तक्रारी बाहेर आल्यावर ‘व्होग’ची मालक असलेल्या कोंडे नास्ट कंपनीनं स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. 18 वर्षांखालच्या मॉडेल नकोत, सेटवर दारू नको, फोटोग्राफरनं मॉडेलबरोबर एकट्यानं असू नये. उद्या तू स्वतः फोटोग्राफर असशील तेव्हा हे नियम तुला लागू आहेत. कपडे बदलायला बंद होणारं दार, गळा उघडा असलेल्या शॉटला बिनकामाची माणसं बाहेर, आणि मुलीनं ‘हा नको’ म्हटलं तर तो शॉट नाही. बायका सेटवर असल्या की हे आपोआप होतं असं समजू नकोस, ते करावं लागतं.

आता त्या ब्रँडचं. मेकअपवाली, मॉडेल आणि तू, तिघी आपापल्या पोर्टफोलिओसाठी, म्हणजे कामाच्या नमुन्यांसाठी, फुकट काम करता, त्याला टेस्ट म्हणतात आणि ते जरूर कर. पण ज्या फोटोवर कुणी कपडे विकणार आहे, ते टेस्ट नाही, ते काम आहे. त्यांना नम्रपणे लिही: ‘विचारल्याबद्दल आभार. अर्ध्या दिवसाचं शूट, दहा रिटच केलेली चित्रं, तुमच्या इन्स्टाग्राम आणि वेबसाइटवर सहा महिने वापर, याचे इतके रुपये होतील. मेकअप आणि मॉडेलचा खर्च वेगळा. निम्मी रक्कम आगाऊ.’ आकडा पप्पांना विचारून ठरव, त्यांना आयुष्यभराचा अंदाज आहे. ब्रँडवाले पुन्हा लिहिणार नाहीत कदाचित. न का लिहोत.

वापराची मुदत त्या मेलमध्ये का घातली, ते समजून घे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं सांगतं की कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. काढणारी तू, मालक तो. उद्या तोच फोटो पॅकेटवर, होर्डिंगवर, दुसऱ्या राज्यातल्या दुकानात लागला तरी तुला बोलता येणार नाही. म्हणून कितीही लहान काम असो, एक पान लिहून घे: हक्क कुणाकडे, वापर कुठं, किती दिवस, नाव छापणार का. मोठे फोटोग्राफर शूटच्या दिवसाचे पैसे वेगळे आणि वापराचे वेगळे लावतात, ते याच पानाच्या जोरावर.

आणि ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, करून टाक, ती मोफत आहे. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. फॅशनच्या क्षेत्रात ‘अकाउंट्समध्ये आहे’ हे वाक्य चार-चार महिने ऐकू येतं. बिलाच्या तळाशी या कायद्याची एक ओळ छापलेली असली की आवाज चढवावा लागत नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे जाईपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. आणि हे बघ, तू बी.कॉम. आहेस. या क्षेत्रातल्या कितीतरी गुणी माणसांना स्वतःचं बिल नीट करता येत नाही. तुझी ती डिग्री वाया गेलेली नाही.

एआयची भीती खोटी नाही. 2025 च्या मार्चमध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीनं खऱ्या मॉडेलांच्या डिजिटल प्रतिकृती बनवणार असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये गेस या ब्रँडची जाहिरात आली, तिच्यातली बाई अस्तित्वातच नव्हती. साध्या पार्श्वभूमीवरचं कॅटलॉग काम यानं कमी होणार, असंच मला दिसतं. त्यावर करिअर बांधू नकोस म्हटलं, त्याचं हेही कारण आहे. पण लिपस्टिक घेणाऱ्या मुलीला ती छटा स्वतःसारख्या ओठांवर कशी दिसते ते बघायचं असतं. जिला ओठच नाहीत तिच्यावर लावलेली छटा हा पुरावा होत नाही. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीसाठी कंपनीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे खऱ्या त्वचेवरचा खरा परिणाम दाखवायला कंपन्यांनाही कारण आहे. तुला ब्युटी आधी कर म्हणते, त्यामागे हाही विचार आहे.

राहिले पप्पा. त्यांच्याशी ‘लग्नं की फॅशन’ असा वाद घालू नकोस, तो तू हरशील आणि हरायचं कारणही नाही. त्यांना सांग, या सीझनची सगळी लग्नं मी तुमच्याबरोबर करते. बदल्यात स्टुडिओ उघडायच्या आधीचे सकाळचे दोन तास माझे, तेव्हा लाइट कुठं लावायचा ते मी ठरवणार, आणि सीझनच्या कमाईतला ठरलेला वाटा माझ्या खात्यात, मुंबईतल्या पहिल्या सहा महिन्यांसाठी. नवा कॅमेरा आत्ता नको असंही सांग, त्यांना बरं वाटेल. घ्यायचंच असेल तर एक मोठा सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारी कापडी पेटी) आणि रंग तपासायचं कार्ड, बाकी काही नाही.

पहिली तीन-चार चित्रं झाली की रिटच न करता माझ्याकडे पाठव, मूळ फाइल असेल तर उत्तम. कुठलं ठेवायचं नि कुठलं काढायचं ते मी सांगेन. मेकअप कुणी केला तिचं नाव सोबत लिही.

तुझी,
ताई